मुदत उलटलेला गोंद आणि घरी बांधलेले विमान

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली असताना घडलेल्या एका लहानशा प्रसंगातून हा लेख निर्माण झाला आहे. नववीच्या काही मुलांनी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे एक विमान करावयाचे ठरविले होते. पट्ट्या कापून झाल्या, घासून झाल्या. आता त्या जोडावयाच्या होत्या. शोधाशोध करता प्रयोगशाळेतील कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात इपॉक्सी गोंदाच्या नळ्यांची एक जोडी सापडली. एका नळीत राळ आणि दुसरीत त्या राळेला घट्ट करणारे द्रव्य, अशा या जोड्या अराल्डाइट या नावाने आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पाहावयास मिळतात. मात्र वेष्टनावर छापलेली मुदत उलटून दोन वर्षे होऊन गेली होती.

"बाई, हा गोंद चालेल का?" एका मुलाने विचारले.

"नको. टाकून दे," मी म्हणाले.

"पण का? सुकलेला तर नाही. दाबला की अजून बाहेर येतो."

मी कला शाखेची पदवीधर. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. इतिहासाच्या तासाला "का?" असा प्रश्न कोणी विचारला तर मला आनंद होतो, येथे मात्र मी निरुत्तर झाले. मुदत उलटते म्हणजे त्या नळीच्या आत नेमके काय घडते? ठरलेल्या तारखेच्या आदल्या रात्री जो गोंद उत्तम होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी कुचकामी कसा होईल? आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारले, काही वाचले, आणि त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी अशा लोकांपर्यंत जाऊन पोहोचले, की ज्यांच्या दृष्टीने हा प्रश्न प्रदर्शनातील खेळण्याचा नसून स्वतःच्या प्राणांचा आहे. हे लोक म्हणजे आपले विमान आपल्याच घरी बांधणारे हौशी कारागीर.

घरी विमान बांधणे ही कल्पना आपल्याला अद्भुत वाटते. परंतु अमेरिकेत ती जवळजवळ शंभर वर्षे जुनी आहे. मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पिटेनपोल या गृहस्थांनी १९२९ साली फोर्ड मोटारीचे इंजिन बसवून लाकडाचे दोन आसनी विमान उडविले. त्याच्या आराखड्यावरून आजही लोक विमाने बांधतात. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने अशा हौशी मंडळींची एक संघटना स्थापन झाली. तेथील कायद्याप्रमाणे विमानाचे निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने शिक्षणाच्या अथवा करमणुकीच्या हेतूने स्वतः केलेले असले, तर त्या विमानाला "प्रायोगिक" या वर्गात परवाना मिळतो. मात्र हे विमान हौशी कारागिराने बांधलेले असून ते प्रमाणित विमानांचे नियम पाळत नाही, अशी स्पष्ट पाटी प्रवाशाला दिसेल अशा ठिकाणी लावावी लागते. आपल्याकडे मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, आणि ते २०१६ साली मुंबईतील मेक इन इंडिया सप्ताहात हजारो लोकांनी पाहिले, हे अनेकांना आठवत असेल.

अशा विमानाच्या बांधणीस एक-दोन महिने नव्हे, तर वर्षानुवर्षे लागतात. नोकरीधंदा सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी, मोटार ठेवण्याच्या खोलीत हे काम चालते. मध्येच मुलाचे लग्न येते, आजारपण येते, पैसा संपतो. काम थांबते आणि दोन वर्षांनी पुन्हा सुरू होते. मग फळीवरचा गोंदाचा डबा खाली काढावा, तो त्यावरील तारीख केव्हाच उलटून गेलेली! डबा अर्धा भरलेला असतो. आतील द्रव्य दिसावयास जसेच्या तसे असते. टाकून द्यावे की वापरावे? म्हणजे आमच्या नववीच्या मुलाचाच प्रश्न. फरक एवढाच, की या पंखाखाली विचारणारा स्वतः बसणार असतो.

येथे कोणी म्हणेल, विमानात गोंदाचे काय काम? ते तर पत्र्याचे आणि खिळ्यांचे असते. परंतु आरंभीची विमाने लाकडाचीच होती. लाकडाच्या पंखात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मुख्य तुळई असते. तिला स्पार म्हणतात. तिच्यावर आडव्या फासळ्या बसविलेल्या असतात आणि वरून पातळ प्लायवूड किंवा कापड चढविलेले असते. उडताना विमानाचा सारा भार या तुळईवर येतो, आणि तुळई व फासळ्या एकमेकांना धरून राहतात त्या गोंदाच्या बळावर. खिळे असलेच, तर ते गोंद सुकेपर्यंत लाकूड जागेवर धरण्यापुरते.

जुन्या काळी हा गोंद दुधातील केसिनपासून करीत. तो कोरड्या हवेत मजबूत. परंतु ओलावा लागला की त्याला बुरशी धरते आणि सांधा सुटतो. आमच्या कोकणीत ज्याला मेस्त म्हणतात त्या सुताराचा सरसही याच जातीचा. आमच्याकडच्या पावसात सरसाने जोडलेल्या खुर्चीची काय अवस्था होते, हे गोव्यातील वाचकांना मी सांगावयास नको. पुढे १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रूइन यांनी विमानांसाठी कृत्रिम गोंद तयार केला. मग रिसॉर्सिनॉल नावाचा तांबडा गोंद आला. तो उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. प्रमाणित लाकडी विमानांच्या दुरुस्तीसाठी अमेरिकन सरकारच्या मार्गदर्शिकेने त्यालाच पहिली पसंती दिलेली आहे. परंतु रिसॉर्सिनॉलला लाकडाचे दोन्ही पृष्ठभाग तंतोतंत बसलेले लागतात आणि सांधा जबरदस्त आवळून धरावा लागतो. हौशी माणसाच्या हाताला एवढी अचूकता साधत नाही. इपॉक्सी या बाबतीत दयाळू आहे. ती लहानसहान फट भरून काढते, आणि हलक्या दाबाने भागते. किंबहुना अधिक आवळले तर सगळा गोंद बाहेर निघून सांधा उपाशी राहतो. म्हणून घरी बांधणाऱ्यांनी तिला आपलेसे केले. १९७५ साली बर्ट रुटान यांचे 'व्हेरिइझ' हे विमान उडाले आणि त्यानंतर तर लाकूडही मागे पडले. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापावयाचे आणि त्यांवर काचतंतूंचे कापड इपॉक्सीत भिजवून चढवावयाचे, अशी ती रीत. अशा विमानात इपॉक्सी हा केवळ सांध्यातील गोंद राहत नाही. विमानाचे निम्मे अंगच तिचे असते.

आता या इपॉक्सीच्या स्वभावाकडे वळू. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली या दोन रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे या राळेचा विकास केला, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर ती बाजारात आली. तिच्या प्रत्येक रेणूच्या दोन्ही टोकांना एकेक लहानसा त्रिकोण असतो: दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. हा त्रिकोण ताणलेल्या धनुष्यासारखा असतो. संधी मिळताच उघडावयास टपलेला. ती संधी देणारे द्रव्य दुसऱ्या नळीत असते. त्यास हार्डनर म्हणतात. हे बहुधा अमाइन वर्गातील रसायन असते. त्याच्या रेणूवरील हायड्रोजनचा एकेक अणू एकेका त्रिकोणाला उघडतो आणि तेथे पक्की गाठ बसते. दोन्ही द्रव्ये मिसळली की अशा असंख्य गाठी बसत जाऊन एकच अखंड जाळे तयार होते. ते पुन्हा वितळत नाही, विरघळत नाही.

हे नीट ध्यानात यावे म्हणून आमच्याकडील फुगडीचे उदाहरण घेऊ. रिंगणात जितके उजवे हात तितकेच डावे हात असतील तर प्रत्येक हाताला हात मिळतो आणि रिंगण घट्ट राहते. एका बाजूचे हात अधिक झाले तर काही मोकळेच लोंबतात, आणि वेग वाढला की रिंगण तेथूनच तुटते. म्हणून राळ आणि हार्डनर यांचे प्रमाण कारखानदाराने सांगितल्याप्रमाणे तंतोतंत असावे लागते. "लवकर सुकावा म्हणून हार्डनर थोडा जास्त घालू" असे पुष्कळांना वाटते. सिमेंटसारख्या पदार्थांच्या सवयीने हा गैरसमज झालेला असावा. जास्तीचा हार्डनर सांध्यात मोकळा राहतो आणि सांधा कायमचा मऊ होतो.

मग नळीत नुसते पडून राहिल्याने काय होते? येथे दोन्ही नळ्यांचा विचार वेगवेगळा करावयास हवा. एकट्या राळेला गाठ बांधावयास जोडीदारच नसतो. त्यामुळे झाकण घट्ट असेल आणि जागा थंड व कोरडी असेल, तर ती वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. कधी कधी ती गढूळ होते, तिच्यात साखरेसारखे कण दिसू लागतात, किंवा ती पांढरी होऊन गोठते. पाहणाऱ्याला वाटते, ही नासली. परंतु इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांनी हिवाळ्यात थिजलेले खोबरेल पाहिले असेल. हा प्रकार तसाच आहे. राळेचे स्फटिक होतात, एवढेच. डबा पन्नासएक अंश सेल्सिअसच्या ऊन पाण्यात ठेवला आणि ती पूर्ण निवळेपर्यंत हलवली, म्हणजे राळ पूर्ववत होते. मात्र ती पूर्ण निवळलीच पाहिजे. एखादा कण राहिला तर त्याच्या आधाराने पुन्हा स्फटिक धरतात. शिवाय अर्धवट गोठलेली राळ मोजून घेतली तर माप चुकते आणि फुगडीतील हातांचे गणित बिघडते.

खरा कच्चा भिडू असतो तो हार्डनर. अमाइन द्रव्यांना हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांची ओढ असते. झाकण उघडले की प्रत्येक वेळी थोडी हवा आत जाते, आणि अमाइनचा काही भाग त्या वायूशी संयोग पावून निराळाच क्षार बनतो. झाकणाच्या कडेला जमणारी पांढरी खपली ही त्याची खूण. क्षार झालेला तो भाग आता राळेशी गाठ बांधू शकत नाही. म्हणजे आपण मोजून घेतो तेवढेच, परंतु त्यातील काही हात आधीच दुसरीकडे गुंतलेले असतात. जुन्या हार्डनरचा रंगही गडद होतो. पण केवळ रंगावरून निकाल देता येत नाही, कारण गडद झालेला हार्डनर पुष्कळदा चांगले काम करतो. यावरून एक गोष्ट उघड होते. तारखेपेक्षा डबा कसा राहिला याला महत्त्व अधिक. मुदत संपून एक वर्ष झालेला, पण कधीही न उघडलेला आणि थंड खोलीत ठेवलेला डबा हा मुदतीच्या आतल्या, पण पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर उघडझाक झालेल्या डब्यापेक्षा पुष्कळ चांगला असू शकतो. रासायनिक क्रियांचा वेग दहा अंश उष्णता वाढली की साधारणपणे दुप्पट होतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. छापलेली तारीख ही ठरावीक उष्णतामानाला, बंद डब्यासाठी सांगितलेली असते. आमच्या वैशाखाची तिला कल्पना नसते.

हे सारे झाले दोन नळ्यांच्या इपॉक्सीविषयी. तिची एक धाकटी बहीण आहे आणि ती फार निराळ्या वळणाची आहे. मोठ्या कारखान्यांत राळ व हार्डनर आधीच मिसळून त्यांची पातळ पट्टी करतात, किंवा ते मिश्रण कापडात भरून ठेवतात. जोडीदार येथे एकाच घरात आणून बसविलेले असतात. त्यांनी गाठी बांधू नयेत म्हणून हा माल शून्याखाली अठरा अंशांच्या आसपास गोठवून ठेवावा लागतो. गोठवणीतून बाहेर काढल्यापासून त्याचे आयुष्य तासातासाने मोजले जाते. दोन नळ्यांच्या गोंदाबाबत मुदत उलटणे ही शंका घेण्याची गोष्ट आहे. पट्टीच्या गोंदाबाबत ते जवळजवळ प्रत्यक्ष घडत असलेले मरण आहे. दोहोंना एकच नियम लावणारे पुष्कळ आढळतात. त्यातले काही विनाकारण चांगला माल फेकतात आणि काही भलताच वापरतात.

बरे, शंका असलेला गोंद तपासावा कसा? जाणते कारागीर प्रथम थोडेसे मिश्रण प्रमाणात घेऊन ठेवतात आणि ते नेहमीच्या वेळात घट्ट होते की नाही ते पाहतात. दुसऱ्या दिवशी त्यावर नख रुतता कामा नये. यानंतर खरी परीक्षा असते. ज्या लाकडाचे विमान बांधावयाचे त्याच लाकडाचे तुकडे घेऊन, तशाच रीतीने घासून, तोच गोंद लावून जोडतात; आठवडाभर ठेवतात; आणि मग पटाशी घालून, हातोडी मारून तो सांधा फोडतात. फुटलेल्या दोन्ही अंगांना लाकडाचे तंतू चिकटून आलेले दिसले, म्हणजे लाकूड फाटले पण गोंद सुटला नाही, तर सांधा उत्तीर्ण. उलट एखादे अंग गुळगुळीत आणि काचेसारखे चकचकीत दिसले, तर गोंदाने लाकडाला धरलेच नव्हते असे समजावयाचे. ही परीक्षा इतकी सोपी आहे की शाळेतही करता येते, आणि इतकी निर्दय की तिच्यापुढे कोणाची सबब चालत नाही.

तथापि या परीक्षेलाही एक मर्यादा आहे. आज फोडलेला तुकडा आजचे बळ सांगतो. दहा पावसाळे आणि दहा उन्हाळे गेल्यावर काय होईल, ते तो सांगत नाही. घरच्या उष्णतामानात घट्ट झालेली इपॉक्सी साधारण पन्नास ते सत्तर अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते. गाठी अपुऱ्या राहिलेल्या असल्या तर त्याहूनही आधी. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पंखाचा पृष्ठभाग याहून अधिक तापू शकतो. काचतंतूंची विमाने बहुधा पांढरी का रंगवतात, याचे कारण हे. सावलीतल्या बाकावर उत्तीर्ण झालेला सांधा भर दुपारी धावपट्टीवर अनुत्तीर्ण होऊ शकतो. दुसरी मर्यादा याहून कठीण आहे. आपण फोडतो तो नमुना. विमानात राहतो तो दुसराच सांधा. त्याला फोडून पाहता येत नाही, आणि आवरण चढल्यानंतर तो डोळ्यांना दिसतही नाही.

न दिसणाऱ्या सांध्याने काय होऊ शकते हे विमानविद्येने महाग किंमत देऊन शिकले आहे. ३१ मार्च १९३१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फोकर जातीच्या एका प्रवासी विमानाचा लाकडी पंख आकाशात तुटला आणि आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत नूट रॉक्नी हे फुटबॉलचे अत्यंत लोकप्रिय प्रशिक्षक होते, त्यामुळे साऱ्या देशात हाहाकार उडाला. पंखाच्या आत ओलावा शिरून गोंदाचे सांधे सुटले असावेत असा संशय बळावला. परंतु त्या जातीच्या इतर विमानांचे सांधे तपासावयाचे तर पंखांवरील प्लायवूड सोलून काढावे लागत होते. लाकडी प्रवासी विमानांवरील लोकांचा विश्वास उडाला तो तेव्हापासून.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. महायुद्धात इंग्रजांची 'मॉस्किटो' ही लाकडी लढाऊ विमाने फार गाजली. १९४४ च्या अखेरीस भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांचे काही अपघात झाले. पहिला आळ आला तो गोंदावर आणि मोसमी पावसावर. केसिनचा गोंद आपल्याकडच्या दमट उष्णतेत टिकला नाही, असे म्हटले जाऊ लागले. कंपनीच्या पहिल्या तपासणीने गोंदाला निर्दोष ठरविले आणि लाकडाच्या आकुंचनाकडे बोट दाखविले. परंतु पुढील सरकारी तपासणीत, ज्या विमानांनी मोसमी पाऊस कधी पाहिलाही नव्हता त्यांतही तसेच दोष आढळले. कारखान्यातच चिकटविण्याचे काम नीट झालेले नव्हते. अर्थात गोंद कसा होता हा प्रश्न एक, आणि तो कसा लावला हा दुसरा. सांधा बंद झाल्यावर या दोहोंचे उत्तर बाहेरून सारखेच दिसते.

परंतु मला सर्वांत अस्वस्थ केले ते तिसऱ्या घटनेने. ती लाकडाची नाही, घरी बांधलेल्या विमानाचीही नाही. पण गोंदाची आहे आणि मघाच्या त्या गोठवून ठेवावयाच्या बहिणीची आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांतील हिलो येथून होनोलुलूला निघालेले अलोहा कंपनीचे बोइंग विमान २४,००० फुटांवर पोहोचताच त्याच्या पुढील भागाचे छप्पर, सुमारे अठरा फूट लांबीचे, एकाएकी उडून गेले. विमानात ९५ माणसे होती. डोक्यावर उघडे आकाश घेऊन वैमानिकांनी ते विमान माउई बेटावर उतरविले. पट्टे बांधून बसलेले सर्व प्रवासी वाचले. उभी राहून त्यांची सेवा करीत असलेली एक परिचारिका मात्र वाऱ्याबरोबर ओढली गेली आणि तिचा देहही सापडला नाही.

ते विमान १९ वर्षांचे होते आणि त्याची ८९,६८० उड्डाणे झालेली होती. त्याच्या पत्र्यांचे जोड खिळ्यांनी मारलेले होते, तसेच दोन पत्र्यांच्या मध्ये इपॉक्सी भरलेल्या कापडाची पट्टीही होती. रचनेचा हेतू असा, की भार मुख्यतः गोंदाने पेलावा आणि खिळ्यांवर थोडाच यावा. ही पट्टी वापरीपर्यंत अतिथंड ठेवावी लागे. ती वेळेआधी उबदार झाली तर लावण्यापूर्वीच तिच्यात गाठी पडू लागत. थंड पट्टीवर दव जमले तर ओलावा जोडात शिरे. पत्रा नीट साफ झालेला नसला तर पकडच बसत नसे. कारणे तीन, परिणाम एक: काही विमानांतील जोड हळूहळू सुटत गेले. गोंद सुटला की सारा भार खिळ्यांच्या छिद्रांवर आला, आणि प्रत्येक उड्डाणात फुगून पुन्हा आकसणाऱ्या त्या पत्र्यात छिद्राछिद्रातून केसासारख्या भेगा निघाल्या. चौकशी मंडळाने मुख्य दोष दिला तो देखभालीला: त्या भेगा आणि तो सुटलेला जोड वेळीच शोधला गेला नाही, म्हणून. परंतु आरंभ झाला होता तो एकोणीस वर्षांपूर्वी. मूळ जोडणीत कोठेतरी पकड कमी पडली होती, आणि ती पकड त्या दिवशी कोणालाही वाईट दिसली नसेल.

या ठिकाणी मला त्या मुलाच्या "का?" चे उत्तर थोडेसे हाती लागले असे वाटते. मुदतीची तारीख ही गोंदाविषयीची वस्तुस्थिती नसते. ती कारखानदाराने दिलेली हमी असते: अमुक दिवसापर्यंत, अमुक रीतीने ठेवल्यास, या गोंदाचे बळ आम्ही तपासले आहे आणि त्याची जबाबदारी आमची. तारीख उलटली म्हणजे गोंद मेला असे होत नाही. हमी संपली असे होते. तपासण्याचे ओझे आता वापरणाऱ्याच्या खांद्यावर येते. विमान बांधणाऱ्यांपैकी काहीजण ते ओझे जाणीवपूर्वक उचलतात. नमुने फोडतात, प्रत्येक वेळी कालवलेल्या गोंदाचा उरलेला पेला तारीख घालून जपून ठेवतात, कोणत्या दिवशी कोणत्या डब्यातील गोंदाने कोणता सांधा केला हे वहीत लिहितात, आणि आवरण चढविण्यापूर्वी जाणत्या माणसाला बोलावून आतले काम दाखवितात. इतर काहीजण सरळ नवा डबा आणतात. माझे मत विचाराल तर मी दुसऱ्यांच्या बाजूची आहे. विमानाच्या एकंदर खर्चापुढे गोंदाच्या एका डब्याची किंमत ती काय? आणि जुना डबा टाकूनच द्यावा असेही नाही. ज्या वस्तूच्या मोडण्याने कोणाला इजा होणार नाही ती जोडावयास तो उपयोगी पडतोच.

आम्ही शाळेत ती परीक्षा करून पाहिली. फणसाच्या लाकडाचे सोळा सारखे तुकडे आमच्या ओळखीच्या मेस्ताने कापून दिले. आठांचे चार सांधे जुन्या नळ्यांतील गोंदाने केले आणि आठांचे चार सांधे नव्या नळ्या आणून. सात दिवसांनी विज्ञानाच्या सरांनी पटाशी लावली. नव्या गोंदाचे चारही सांधे लाकडात फाटले. जुन्यांपैकी तिघांनी तसेच लाकूड सोलून आणले. चौथा मात्र एका फटक्यात सुटला, आणि त्याची दोन्ही अंगे आरशासारखी चकचकीत होती.

मुले एकदम ओरडली, "बघा बाई, जुना गोंद!" सरांनी तो तुकडा उजेडात धरला आणि तो कोणी जोडला होता असे विचारले. प्रश्न काढणाऱ्या त्याच मुलाचा तो निघाला. "तू हा पॉलिश कागदाने घासला होतास का?" त्याला आठवेना. सर्वांनी आपापल्या तुकड्यांची नोंद वहीत केली होती. त्याने गोंदाची तारीख, मिसळण्याची वेळ, सारे लिहिले होते, पण घासल्याचे लिहिले नव्हते. दोष गोंदाचा की हाताचा, हे त्या एका तुकड्यावरून आम्हांला ठरविता आले नाही. नवीन सांधे करून पाहावे तर जुन्या नळीत तेवढा गोंद उरला नव्हता.

प्रदर्शनातील विमान नव्या नळ्यांनी जोडले. जुन्यांतून उरलेसुरले पिळून काढून मुलांनी ग्रंथालयातील माझ्या बाकाचा मोडका पाय बसविला. दुपारच्या सुट्टीत मी रोज त्यावर बसते, आणि अजून तरी तो टिकून आहे.